उलटीला सरळ कोंबडा

माझ्या थोरल्या भावाची पहिली बायको, कुसुमवहिनी, आमच्या कडावच्या घरातून का गेली याचं एकच कारण गावात आजही सांगितलं जातं. तिच्या हाताला दोष होता, तिने बसवलेल्या कोंबडीखालून पिसांविना पिल्लं निघाली, आणि अशा हाताच्या बाईच्या पोटी मूल कुठून येणार. हे खोटं आहे. ते खोटं असल्याचं मला तेव्हाही माहीत होतं, कारण ती पिल्लं मी काढली होती. मी एकोणीस वर्षांचा होतो. आता अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. आई वारली, वहिनीही वारली. हे प्रकरण टाळून बाकीचं आयुष्य लिहायचा मी दोनदा प्रयत्न केला, पण दोन्ही वेळा कडावच्या अंगणाशी येऊन हात थांबला.

आमच्या घरात तेव्हा चौघं होतो. वडील मी लहान असतानाच गेले होते. दादा मोहोपाड्याला रसायनांच्या कारखान्यात होता, तिथेच कामगारांच्या खोलीत राहायचा आणि सुट्टीच्या दिवशी यायचा. तो आला की त्याच्या कपड्यांना येणारा उग्र वास दोन दिवस ओटीवर राहायचा. शेत आई बघायची. घर, गुरं आणि कोंबड्या वहिनी बघायची. तिच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. त्याबद्दल घरात कोणी उघड बोलत नसे, पण हळदीकुंकवाहून परतली की वहिनी थेट चुलीपाशी जायची आणि भाकऱ्या थापायला बसायची. तांदळाची भाकरी ती इतकी पातळ थापायची की तव्यावर टाकताना आरपार उजेड दिसावा. सकाळी मला जाग यायची ती त्या थापण्याच्या आवाजाने. मग खुराड्याची फळी सरकल्याचा आवाज, आणि मग वहिनीची हाक, "या गं बायांनो, या." कोंबड्यांना ती बायांनो म्हणायची. कणीचा पहिला पसा टाकताना कोण आली, कोण नाही हे ती बोटांवर न मोजता ओळखायची.

या कोंबड्यांत एक उलट्या पिसांची असायचीच. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सुताराने रंधा मारला की लाकडाचं पातळ सालपट जसं वळून वर येतं, तशी तिची पिसं अंगावर न बसता टोकाकडून डोक्याच्या दिशेला वळलेली असतात. वाऱ्यात उभी असल्यासारखी ती नेहमी दिसते. आमच्याकडे लोक ती नवसाला, उताऱ्याला मागायला येत. आईने ती जात आपल्या माहेरून आणली होती आणि तिच्याबरोबर एक नियमही आणला होता. उलटीला सरळ कोंबडा. उलट्या कोंबडीपाशी उलटा कोंबडा कधीही सोडायचा नाही. अशा जोडीने निम्मी पिल्लं उलटी निघत, निम्मी सरळ, आणि आईला तेवढी पुरत. का असं विचारलं की ती म्हणायची, "दोनी उलटी झाली की घराचं पाऊल उलटं पडतं." मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला होतो, शास्त्राच्या पुस्तकातलं मला बरंच पाठ होतं. घराचं पाऊल उलटं पडतं हे ऐकून मी हसायचो. कारण चुकीचं आहे म्हणजे नियमही चुकीचा आहे, असं मी धरून चाललो. ही माझी पहिली चूक, आणि ती अडाण्याची नव्हती, शिकलेल्याची होती.

कडावहून कर्जतला जाताना नदीच्या अंगाला मुंबईच्या एका साहेबांचा बंगला होता. मी तिथे पक्ष्यांची देखभाल करायला लागलो होतो. त्या बंगल्यात नेहमीसारखं काहीच नव्हतं. कबुतरं होती ती शेपटीचा पंखा इतका मागे टाकणारी की त्यांना धड चालता येत नसे. ससे होते त्यांचे कान जमिनीवर लोळत आणि स्वतःच्याच पायाखाली येत. बाईसाहेबांचा एक कुत्रा होता, त्याचं नाक दाराच्या फळीवर आपटून चेपल्यासारखं आत गेलेलं. तो झोपला की खोलीभर घोरायचा, आणि पाहुण्यांना बोलावून ते घोरणं ऐकवलं जायचं. जनावर जितकं वेगळं दिसेल तितकं त्याचं कौतुक. मीही कौतुक करायचो. साहेब मला "वसंतराव" म्हणत. मला तोवर कोणी राव म्हटलं नव्हतं.

एक दिवस साहेबांनी कुठल्याशा प्रदर्शनातून पांढराशुभ्र उलट्या पिसांचा कोंबडा आणला आणि म्हणाले, "वसंतराव, याचा सगळाच्या सगळा कळप कुरळा हवा. एकही साधं पिल्लू नको. जमेल?" बंगल्यावर उलटी कोंबडी नव्हती. आमच्या अंगणात होती. मी जमेल म्हणालो.

भाताच्या झोडणीचे दिवस होते. आई उजाडताच भाकरी बांधून खळ्यावर जायची ती दिवस मावळल्यावर यायची. तीन आठवडे मी रोज सकाळी सायकलला पिशवी अडकवून तो पांढरा कोंबडा आमच्या अंगणात आणला आणि दुपारनंतर परत नेला. आमच्या तांबड्या कोंबड्याला तेवढा वेळ डालग्याखाली कोंडायचा. वहिनीने हे पहिल्याच दिवशी पाहिलं.

"भावजी, आईंना ठाव हाय का?"

"साहेबांचा कोंबडा हाय. दोन दिवस सांभाळतोय."

"रोज पिशवीतनं फिरवून सांभाळता व्हय?" ती हसली. "नवरदेवासारखी वरात हाय याची. मी नाय सांगायची कोणाला. पण उलटीला उलटा नको म्हणतात."

"का नको?"

"ते मला नाय ठाव. नको म्हणतात." मग जरा थांबून, "तुमी शिकलेले. तुमाला ठाव असंल."

त्या उलट्या कोंबडीची अकरा अंडी साठली. एक जुनी कोंबडी खुडूक झाली होती, म्हणजे अंडी उबवायला बसायला आली होती. वहिनीने टोपलीत पेंढा घातला, कडेला चुलीतला विझलेला कोळसा ठेवला, एकेक अंडं पदराने पुसून आत ठेवलं आणि खुडूक कोंबडीला वर बसवलं. एकवीस दिवसांनी नऊ पिल्लं निघाली. मऊ, पिवळी, कापसाच्या बोंडासारखी, सगळी सारखी. मी आईच्या नियमावर मनातल्या मनात आणखी एकदा हसून घेतलं.

महिना होत आला तशी पिल्लं वेगवेगळी दिसू लागली. दोघं सरळ. चौघं कुरळी, पाहत राहावी इतकी सुंदर. आणि तिघांची लव गळली. पिसं फुटायच्या जागी वाळक्या गवतासारख्या काड्या आल्या, आणि त्या हात लागला तरी मोडून पडायच्या. मान, पाठ, पोट सगळं लाल आणि उघडं. मी एकाला तळहातावर घेतलं तर अंग भाजत होतं, आणि कातडीखाली त्याचं काळीज इतक्या जोराने उडत होतं की ते डोळ्यांनी दिसत होतं. बाकीची पिल्लं त्या लाल कातडीवर चोची मारायची. सकाळच्या थंडीत तिघं एकमेकांवर चढून थरथरत बसायची आणि ऊन चढलं की तीच कातडी पोळायची. ती सारखी खात होती आणि तरी वाळत होती. असं काही मी कधी पाहिलं नव्हतं. आणि त्याच क्षणी, कोणी न सांगता, आईच्या नियमाचं खरं कारण मला समजलं. दोन्हीकडून कुरळेपणा आला की तो दुप्पट होत नाही, तो पीसच खाऊन टाकतो. कोणीतरी, कधीतरी, माझ्यासारखाच अंगणात उभा राहून हे पाहिलेलं असणार, आणि पुन्हा कोणावर ती वेळ येऊ नये म्हणून नियम केलेला असणार. कारण विसरलं गेलं, नियम उरला होता. तो मी मोडला.

वहिनीने तिघांना उचललं आणि चुलीजवळ तुसाच्या टोपलीत ठेवलं. दादाच्या जुन्या सदऱ्याचं कापड काढून तिने तीन झबली शिवली. पंखांना दोन भोकं, पाठीवर नाडी. झबलं घातल्यावर पिल्लं थरथरायची थांबली. मला आठवतं, त्या दुपारी तिने वालाच्या शेंगा उकडल्या होत्या. एका हाताने शेंग सोलत, दुसऱ्या हाताच्या बोटावर भरडलेली कणी घेऊन ती त्यांना भरवत होती आणि काहीतरी गुणगुणत होती.

आई त्या दिवशी शेतावरून लवकर आली. दारातच थांबली.

"ह्ये काय?"

"थंडी वाजते त्यांना, आई."

आईने जवळ येऊन एका पिल्लाचं झबलं वर केलं आणि हात झटकन मागे घेतला. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. ती घाबरली होती, हे आज मला कळतं. तेव्हा फक्त राग दिसला.

"कोंबडी कोणी बसवली?"

"मी."

"तेव्हा बाहेरची होतीस का गं? खरं सांग."

"नाय, आई. देवाशप्पत नाय."

"मग ह्ये कशानं झालं? माझ्या आईच्या घरापास्नं ही जात हाय, असं कधी नाय निघालं. तुझाच हात लागला." आणि मग तिचा आवाज चिरका झाला. "आन् वर झबली शिवतेस? घरात पाळणा हलवायचा सोडून कोंबड्यांना झबली? अगं, कोणी पायलं तर काय म्हनल?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी ओटीच्या खांबाला टेकून उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं. "कोंबडा मी आणला होता." आईने मला दोन थोबाडीत मारल्या असत्या, बंगल्याचं काम सोडायला लावलं असतं, आणि ते तिथेच संपलं असतं. मी खाली वाकून सायकलची साखळी बघायला लागलो. साखळी ठीक होती.

शेजारपाजारच्या बायका येऊन टोपलीत डोकावून गेल्या. तीन दिवस घरात त्याशिवाय विषय नव्हता. दादा सुट्टीला आला तेव्हा आईने त्याला गोठ्याकडे नेऊन काय ते सांगितलं. तो बाहेर येऊन म्हणाला, "कामावर जाता जाता हिला लोधिवलीला सोडतो. चार दिवस माहेरी राहू दे." वहिनीने बोचकं बांधलं. जाताना खुराड्याची फळी नीट लागली आहे ना, हे तिने हात लावून पाहिलं. दादा तिला आणायला पुन्हा कधी गेला नाही. वर्षाने गावकीत सोडचिठ्ठी झाली, दुसरं लग्न झालं, आणि दुसऱ्या बायकोपासून दादाला दोन मुलं झाली. त्यामुळे तर आईचं म्हणणं खरं ठरल्यासारखंच झालं.

इथवरचं कोणी वाचलं तर म्हणेल, कोवळं वय होतं, भीतीने बोलला नाही. म्हणून पुढचं लिहिणं भाग आहे.

वहिनी गेली त्या दिवशी आई म्हणाली, "ती पिल्लं नदीत टाकून ये." मी ती झबल्यांसकट बंगल्यावर नेली. दुपारची वेळ होती, मुंबईचे पाहुणे जेवून व्हरांड्यात बसले होते. साहेब रागावतील असं मला वाटलं होतं, कारण त्यांनी कुरळा कळप मागितला होता. टोपलीत पाहून ते मोठ्याने हसले. "अरे, हे काय! सदरा घातलेले म्हातारे!" बाईसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. पिल्लं टेबलावर ठेवली गेली. एका पाहुणीने एकाची नाडी सोडून बघितली, "शी!" म्हणाली आणि पुन्हा बघितलं. हातोहात फिरता फिरता त्यातलं एक आडवं झालं. चोच दोनदा उघडली आणि बंद झाली. कुत्रा खुर्चीखाली घोरत होता. साहेबांनी मेलेलं पिल्लू रुमालात गुंडाळून माझ्याकडे दिलं आणि विचारलं, "वसंतराव, असे आणखी काढता येतील? म्हणजे, मुद्दाम?"

मी सुन्न झालो होतो असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. सुन्न झालो होतो हे खरं आहे. पण मी हो म्हणालो, हेही खरं आहे.

आईकडून त्या चार कुरळ्या पिल्लांतल्या दोन तलंगी, म्हणजे नुकत्या वयात आलेल्या कोंबड्या, मागून घेतल्या, नवसाला कोणाला तरी हव्यात असं सांगून. बंगल्यावर त्यांना पांढऱ्या कोंबड्याजवळ सोडलं. तीन खेपा काढल्या. अंडी मी वेचली, खुडूक कोंबडी मी बसवली, वहिनी तिथून दहा कोसांवर होती. तिन्ही खेपांना उघडी पिल्लं निघाली. कर्जतच्या शिंप्याकडून त्यांना रंगीत सदरे शिवून आले. बहुतेक मेली. एखाददुसरं मोठं झालं, ते सावलीत एका पायावर उभं राहून धापा टाकायचं, आणि त्याला पाहायला माणसं यायची. प्रत्येक उघडं पिल्लू माझ्या हातात वहिनीच्या बाजूने साक्ष देत होतं. तिच्या हाताचा काही संबंध नव्हता हे मला एकदा नाही, तीन वेळा दाखवलं गेलं. आणि मी सदऱ्याची नाडी बांधून पिल्लू पाहुण्यांच्या हातात देत राहिलो. पुढे साहेबांचं मन दुसऱ्या कशात तरी गेलं आणि बंगला विकला गेला. मग मी थांबलो. नाहीतर थांबलो असतो का, मला माहीत नाही.

गेल्या वर्षी माझ्या नातीने घरी एक कुत्रा आणला. चेपल्या नाकाचा. त्याला श्वास पुरत नाही म्हणून डॉक्टरांनी नाकपुड्या कापून मोठ्या केल्या आहेत. तो घोरतो तेव्हा सगळे फोन काढून त्याचं चित्रण करतात. "आजोबा, किती क्यूट ना?" नात चांगली मुलगी आहे, त्याला जिवापाड जपते. मी तिला काय सांगणार? मी खोलीतून उठून जातो. घरच्यांना वाटतं, मला कुत्रे आवडत नाहीत.

आई वारल्यावर, म्हणजे वहिनी घर सोडून गेल्याला पंधराएक वर्षं झाल्यावर, मी लोधिवलीला गेलो. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली ती काकड्या विकत बसली होती. केस पांढरे व्हायला लागले होते. तिने मला लगेच ओळखलं.

"भावजी! बसा. आई गेल्या म्हणून ऐकलं." तिने काकडी कापून पुढे केली. "सुनांनी केलं ना शेवटचं नीट?"

मी काकडी हातात धरून सगळं सांगून टाकलं. कोंबडा मी आणला, दोष जोडीचा होता, तुमच्या हाताचा नव्हता.

"मला ठाव होतं," ती म्हणाली. "कोंबडा पिशवीत घालून तुमीच आणायचात, मी काय आंधळी होते? तीन दिवस मी बोचकं नव्हतं बांधलं. म्हटलं आज बोलतील, उद्या बोलतील."

"मग तुमी का नाय बोललात, वहिनी?"

"मी बोलले असते तर आई म्हणाल्या असत्या, स्वतःचं झाकायला पोरावर घेते. तुमी बोलायला हवं होतं." ती थोडी हसलीसुद्धा. "जाऊ द्या. एकोणीस वर्सांचं पोर ते, घाबरलं. मी कधीच सोडून दिलंय ते."

मला वाटलं, संपलं. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं. आणि त्या हलकेपणात माझ्या तोंडून निघून गेलं, "मला तर पुढे पक्कंच कळलं, वहिनी. बंगल्यावर तीन खेपा काढल्या, तिन्ही खेपांना तशीच निघाली."

काकडी चिरणारा तिचा हात थांबला.

"कधी?"

"तुमी गेल्यावर."

"तशीच उघडी? ठाव असताना?"

"साहेबांना हवी होती."

तिने सुरी खाली ठेवली. तिच्या तोंडावर जे आलं ते मी त्या दिवशी ओटीवरही पाहिलं नव्हतं. "मी इतकी वर्सं समजत होते, भावजी, का माझं व्हायचं ते झालं, पण तुमाला निदान त्या पिल्लांकडं बघून धडा मिळाला असंल. माझं सोडा. मी पायानं चालत माहेरी आले, भावानं भाकरी दिली. त्यांना तुमी अंड्यातनंच उघडं काढलंत. मुद्दाम. बघायला."

"वहिनी, मी माफी..."

"कोणाची?"

एक गाडी येऊन थांबली. आतल्या बाईने काच खाली केली, "मीठ लावून दे गं चार." वहिनीने चार काकड्या कापल्या, मीठ चोळलं, कागदात गुंडाळून दिल्या. गाडी निघून गेली. ती परत येऊन बसली तेव्हा मी तिथेच उभा होतो.

"जावा आता," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "गिऱ्हाईकाला उभं राहायला जागा लागते."